सात मिनिटे परत मिळणेबाबत

प्रति,
मा. संयोजन अधिकारी,
जिल्हा विज्ञान व्याख्यान समिती,
सोलापूर.

अर्जदार : विरेश प्रभुलिंग बिराजदार, विज्ञान शिक्षक, रा. वळसंग, ता. दक्षिण सोलापूर.

विषय : अर्जदाराच्या व्याख्यानाची सात मिनिटे परत मिळणेबाबत, व माफी मागण्यासाठी वेगळा वेळ मंजूर होणेबाबत.

संदर्भ : १) स्पर्धेचे नियमपत्रक.
२) ‘मान्यवरांचा जाहीर अवमान’ या कारणास्तव आपल्या कार्यालयाने अर्जदारास बजावलेली नोटीस.
३) अर्जदाराच्या मातोश्रींची तोंडी विचारणा.

महोदय,

१. अर्जदार सविनय कळवितो की, आपल्या समितीच्या ‘उद्याची ऊर्जा’ या स्पर्धेत त्याने भाग घेतला होता. सात मिनिटे, एकवीस स्लाइड, प्रत्येक स्लाइड वीस सेकंदांनी आपोआप पुढे सरकणार, आणि माइक हातात घेतल्या क्षणापासून घड्याळ चालू, असा नियम होता. नियम उत्तमच आहे. तो करताना व्यासपीठावर खुर्च्या किती मांडणार, हे मात्र कोणी विचारात घेतलेले दिसत नाही.

२. माइक हातात आला की व्यासपीठावरील प्रत्येकाचे नाव हुद्द्यासह आणि मानाच्या क्रमाने घ्यावे लागते, हे आपणास वेगळे सांगणे न लगे. गेल्या वर्षी टेंभुर्णीचे जोतिराम सर एक नाव विसरले, तर त्यांना अजून कोणी चहा विचारीत नाही. त्यामुळे अर्जदाराचे मुख्याध्यापक शिवशरण सर यांनी पायरीवरच त्याच्या हातात नावांची चिठ्ठी कोंबली आणि बजावले की, “विरेश, ऊर्जा राहिली तर राहू दे. नाव राहिलं तर आपलं काही खरं न्हाय बघ.” अर्जदाराने वडीलधाऱ्यांचे ऐकले. इथेच सगळा घोळ झाला.

३. अर्जदार नावे घेत होता आणि मागे पडद्यावर स्लाइड आपल्या चालीने सरकत होत्या. अर्जदाराची पाठ पडद्याकडे होती, ही बाब कृपया नोंदवून घ्यावी. दूध संघाचे मानसिंगराव यांना ‘आधारस्तंभ’ म्हणताना मागे म्हशीचे छायाचित्र व ‘वायूचा मूळ स्रोत’ ही ओळ आली. पतसंस्थेच्या अध्यक्षांच्या वेळी ‘काही बॅटऱ्या घेतात भरपूर, परत देताना कुरकुरतात’ असे वाक्य लागले. आणि संस्थेचे तहहयात अध्यक्ष चनमल्लप्पा अण्णा यांच्या नावाला अणुकचऱ्याची स्लाइड गाठ पडली: ‘एकदा बसवला की पिढ्यान्‌पिढ्या हलवता येत नाही’. सभागृह हसू लागले. लोक आपल्या वक्तृत्वावर खूश आहेत असे वाटून अर्जदाराने आवाज आणखी चढवला, याचे त्याला आता लई वाईट वाटते. पहिल्या स्लाइडचे काय झाले, ते शेवटी नमूद केले आहे.

४. महोदय, आपले स्वतःचे नाव उच्चारताच सभागृहातील वीज गेली. याबाबत अर्जदारास काहीही म्हणावयाचे नाही. फक्त इतकेच, की घड्याळ सेलवर होते आणि लॅपटॉप बॅटरीवर, त्यामुळे अंधारातही वेळ आणि स्लाइड दोन्ही पुढेच गेल्या. वीज आली तेव्हा एक मान्यवर उशिरा पोचले होते. अर्जदाराला थांबवून त्यांना फेटा बांधण्यात आला, चादर पांघरण्यात आली, नारळ देण्यात आला, फोटो नीट आला नाही म्हणून नारळ परत घेऊन पुन्हा देण्यात आला. त्यानंतर अर्जदाराने “तर मित्रहो, ऊर्जा म्हणजे” एवढे शब्द उच्चारले. पडद्यावर ‘धन्यवाद’ आले आणि घंटा वाजली.

५. निकालात अर्जदारास ‘उत्कृष्ट सूत्रसंचालन’ असे प्रमाणपत्र मिळाले. तेव्हापासून त्याला एका दुकानाच्या उद्घाटनाचे, दोन वाढदिवसांचे आणि एका जावळाचे निमंत्रण आले आहे. ज्या हायड्रोजनवर भाषण होते, त्याविषयी मात्र अद्याप कोणीही विचारलेले नाही.

६. नोटिशीनुसार अर्जदाराने त्याच व्यासपीठावरून सर्व मान्यवरांची जाहीर माफी मागावयाची आहे. अर्जदार तयार आहे. परंतु माफी मागण्यापूर्वी सर्वांची नावे क्रमाने घ्यावी लागतील. तेवढ्यात कोणी उशिरा आले तर फेटाही होईल. सबब माफीसाठी स्वतंत्र वेळ मिळावा, व त्या वेळी मागचा पडदा गुंडाळून ठेवावा, ही विनंती.

७. आता खरे कारण. अर्जदाराच्या मातोश्री सावित्रम्मा त्या दिवशी वळसंगहून पहिल्यांदाच लेकाचे भाषण ऐकायला आल्या होत्या. त्यांना मराठीपेक्षा कन्नड जवळचे, पण घरात अर्जदाराची तालीम ऐकून ऐकून त्यांना भाषण निम्मे पाठ झाले होते. पहिली स्लाइड त्यांचीच होती. चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करणारी, धुराने डोळे लाल झालेली बाई. भविष्यातली ऊर्जा कशासाठी हवी, तर ह्या डोळ्यांसाठी, अशी अर्जदार सुरुवात करणार होता. ती स्लाइड लागली तेव्हा अर्जदाराच्या तोंडी प्रमुख पाहुणे सयाजीराव यांचे नाव होते.

घंटा झाल्यावर मातोश्री आधी फक्त “इष्टेना?” म्हणाल्या. म्हणजे, एवढंच का? मग बस वळसंगच्या फाट्याला आली तेव्हा म्हणाल्या, “पडद्यावर मी हुते की रे. नाव दुसऱ्याचंच घेतलास.”

महोदय, अर्जदार नोटिशीला भीत नाही. नोकरीत अशा नोटिसा येतात आणि जातात. हा अर्ज तो करतो आहे, तो ह्या एका वाक्यामुळे.

८. तरी विनंती की, अर्जदारास त्याची सात मिनिटे कोणत्याही दिवशी, कोणत्याही खोलीत परत द्यावीत. व्यासपीठ नसले तरी चालेल. मान्यवर आले तर त्यांनी श्रोत्यांत बसावे, त्यांची नावे दाराशी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्याचा खर्च अर्जदार सोसेल. समोर एक खुर्ची तेवढी राखून ठेवावी. पहिली स्लाइड लागताच अर्जदार एकच नाव घेईल, श्रीमती सावित्रम्मा प्रभुलिंग बिराजदार, आणि लगेच ऊर्जेकडे वळेल.

आपला नम्र, आणि ह्या खेपेस घंटेच्या आत,

(सही)
विरेश प्रभुलिंग बिराजदार
वळसंग, दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) सर्व मान्यवरांची नावे, मानाच्या क्रमाने. कोणाचे राहिले असल्यास अर्जदार आताच माफी मागतो.
२) ‘उत्कृष्ट सूत्रसंचालन’ प्रमाणपत्र, मूळ प्रत. परत नको.
३) पहिल्या स्लाइडचे छायाचित्र. हे मात्र परत मिळावे. मातोश्रींनी ते मागितले आहे, खाली स्वतःचे नाव लिहून घ्यायला.