गोष्टीतल्या दुष्ट मावशीकडून

आदरणीय भावोजींना धाकट्या मेहुणीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे फारसं वाकता आलं नाही, तेवढं समजून घ्यावं.) मुलीला घेऊन गेलात त्याला महिना होत आला, पण सुखरूप पोचल्याच्या दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत, तेव्हा पोचला असाल असं धरून चालते. तुमची प्रकृती उत्तम असेलच. ती नेहमीच उत्तम असते. ताई गेली त्या आठवड्यातसुद्धा तुमची झोप शाबूत होती, असं आमची आई शेवटपर्यंत कौतुकाने सांगायची. तुमच्या सौभाग्यवतींनाही नमस्कार सांगावा. बहिणीच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला काय म्हणून हाक मारायची, याचा मला इतक्या वर्षांत उलगडा झालेला नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

इथलं सगळं ठीक आहे. दंतवैद्यांच्या दवाखान्यामागच्या त्याच खोलीत बसून मी अजून लोकांच्या कवळ्या घडवते. केसांत प्लास्टरची पूड, त्यामुळे वय लपतं. तुम्ही त्या दिवशी दारात उभं राहून ‘हे सगळं झालं तरी कसं’ असं मला विचारलंत आणि उत्तर कानावर पडायच्या आत तिच्या बॅगा गाडीत टाकायला लागलात. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं, अशी आमच्या घरची शिकवण आहे, म्हणून लेखी कळवते. वेळ मिळेल तसं वाचावं.

मुंगी तेरा वर्षांची झाली आणि तिने बोलणं सोडलं. (आम्ही तिला मुंगी म्हणतो. शाळेत जाताना स्वतःपेक्षा मोठं दप्तर ओढत न्यायची, तेव्हापासून. तुम्हाला हे माहीत असायचं काही कारण नाही. तुम्ही ‘स्थिरस्थावर होईपर्यंत’ तिला माझ्याकडे सोडलंत तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि तिला दप्तर नव्हतं.) भांडण नाही, रुसवा नाही, नुसतं पुस्तक. जेवताना पाण्याच्या तांब्याला टेकवून उभं केलेलं पुस्तक आणि त्याच्या मागून येणारं ‘हं’. भाजी वाढू का, हं. उद्या परीक्षा आहे ना, हं. घराला आग लागली आहे, हं. हा शेवटचा प्रयोग मी खरोखर करून पाहिला आहे.

त्या पुस्तकांची एक मालिकाच होती. एकेक भाग असा जाडजूड, की दार उघडं ठेवायला वीट लागू नये. गोष्ट थोडक्यात अशी, की एका मुलीचे आईवडील नाहीसे झालेत, ती मावशीकडे राहते, मावशी तिचा छळ करते, मग ड्रॅगन येतात. आता ड्रॅगनशी माझं वैर नाही. पण मी आणि ताई लहानपणी विज्ञानकथांवर वाढलेली माणसं. यान असलं तर त्याला इंधन लागतं, इंधन कधीतरी संपतं, आणि संपलं की आतली माणसं एकमेकांशी खरं बोलायला लागतात, असली पुस्तकं आम्ही दोघींनी एकमेकींच्या हातातून हिसकावून वाचलेली. ड्रॅगन काय खातो, त्याचा शेणगोठा कोण करतं, हे ज्या पुस्तकात कुणी विचारत नाही त्यात माझा जीव रमत नाही. तरी म्हटलं, पोरीशी बोलायचं तर पोर जिथे राहते तिथे गेलं पाहिजे, आणि ती सध्या ड्रॅगनांत राहते. तेव्हा चष्मा पुसला आणि पहिला भाग उघडला. तिसऱ्याच पानावर मावशी त्या मुलीला उपाशी ठेवते. मी पुस्तक मिटून आधी मुंगीला दूध देऊन आले.

इथल्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी एक मंडळ भरतं. विज्ञानाच्या नाहीतर जादूच्या गोष्टींतलं आपलं लाडकं पुस्तक आणायचं, त्याबद्दल चार शब्द बोलायचे आणि ते दुसऱ्या कुणाला तरी वाचायला देऊन टाकायचं. सगळी शाळेतली मुलं, आणि मोठ्यांपैकी एकटे मंगळकाका. (ते घड्याळं दुरुस्त करतात. गोष्ट मंगळावर घडत नसेल तर ती त्यांना खोटी वाटते.) मुंगी तिथे जायची, म्हणून मीही जायला लागले. पहिल्या शनिवारी मी ताईचं आणि माझं जुनं यानाचं पुस्तक नेलं. चार शब्दांऐवजी इतकी बोलले की वाचनालयाचे दिवे मालवायची वेळ आली. पुस्तक कुणी घेईना. शेवटी मंगळकाकांनी घेतलं, तेही यान मंगळाजवळून जातं अशी माझ्याकडून कबुली घेऊन. मुंगीने मात्र खुर्ची हळूहळू सरकवत थेट दारापर्यंत नेली होती.

दुसऱ्या खेपेला ती तिच्या ड्रॅगनबद्दल बोलली. पुस्तकाच्या वेष्टनावर त्याचं चित्र होतं, आ वासलेलं. मी हात वर केला आणि म्हटलं की याचे वरचे सुळे खालच्या सुळ्यांच्या बरोबर डोक्यावर येतायत, असं जनावर तोंड मिटू शकणार नाही, चावू तर मुळीच शकणार नाही, बिचारं उपासमारीने मरेल. हे मी वाईट हेतूने बोलले नाही, भावोजी. मला पोटापाण्यासाठी दुसरं काही येत नाही. मुलं हसून लोळायला लागली. मला वाटलं, जिंकलं. घरी आलो तेव्हा ‘हं’सुद्धा बंद झालं होतं.

पण मग तिला ईर्ष्या चढली. मावशीला खोटं पाडायचं म्हणून ती माझ्या कारखान्यात येऊन बसली आणि प्लास्टरचा ड्रॅगनचा जबडा घडवायला घेतला. हे कुठे बसतं, हे किती घासू, हा दात हलतोय का बघ. ती बोलत होती, भावोजी. अख्खा दिवस बोलत होती. प्लास्टरने तिच्या हातांना भेगा पडल्या; मी मलम दिलं तर म्हणाली, नको, खऱ्या कारागिराचे असेच असतात. जबडा असा नेमका जमला की दंतवैद्यांनी तो काही दिवस दवाखान्यात मांडून ठेवला (एक पेशंट तो पाहून आल्या पावली परत गेला). इतके सुखाचे दिवस माझ्या वाट्याला त्याआधी आले नव्हते. आता येतील असं वाटत नाही.

त्याच सुमाराला ती मालिकेच्या दुसऱ्या भागात पोचली. त्यातली मुलगी पोटमाळ्यावर झोपते, म्हणून हिलाही पोटमाळा हवा. मी गेल्या कित्येक वर्षांच्या पेशंटांच्या जबड्यांचे साचे तिथून खाली आणले, माझ्याच पलंगाखाली रचले (परक्यांच्या दातांवर झोपून बघा कधी), सुताराला बोलावून खिडकी पाडून घेतली, गादी वर चढवली. कंबर धरली ती तेव्हाच. चढता-उतरता मुंगीचं कपाळ तुळईवर आपटायचं. एक टेंगूळ बसायच्या आत दुसरं यायचं. त्या मुलीसारखे स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे, हेही तिनेच ठरवलं. मी खूश. चौदा वर्षांची मुलगी आपणहून कपडे धुते म्हटल्यावर कुठल्या बाईला शंका येईल?

आता मुद्द्यावर येते. मंडळात एका शनिवारी नवी टूम निघाली होती. पुस्तकाबद्दल बोलायचं नाही, त्यातलं पात्र होऊन बोलायचं. मंगळकाका आधी रोबो झाले आणि त्यातच अर्धा तास गेला. मग मुंगी उभी राहिली. कपाळावर टेंगूळ, हातांना भेगा, आणि म्हणते कशी, ‘मी आई नसलेली मुलगी. माझी मावशी मला पोटमाळ्यावर झोपवते. मी दिवसभर घासते, माझे कपडे मीच धुते, आणि रोज खिडकीतून वाट बघते, की माझे बाबा कधीतरी येतील आणि मला घेऊन जातील.’ असं बोलली, असं बोलली की मंगळकाकांनी डोळे पुसले. सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. हे तेवढं विसरता येत नाही.

ग्रंथपालबाई तोपर्यंत बाहेर पुस्तकं लावत होत्या. नव्या टुमेचं त्यांना काही माहीत नव्हतं. त्या आल्या त्या नेमक्या मुंगीच्या पहिल्या वाक्याला. बाई मनाने फार चांगली आहे, आणि अशी माणसं एकदा मनावर घेतात तेव्हा मागचा-पुढचा विचार करत नाहीत. मंडळ सुटल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि मुलगी खरंच पोटमाळ्यावर झोपते का म्हणून विचारलं. मी अभिमानाने हो म्हटलं, स्वतः रिकामा करून दिला म्हणून सांगितलं. हातांना काय झालं? कारखान्यात काम करते, म्हटलं, बघता बघता माझ्या हाताखाली तयार होईल. आणि कपाळ? मी हसून म्हटलं, रोजचंच आहे. बाईंनी माझ्या दंडावर थोपटलं, मला वाटलं कौतुकानेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुम्हाला फोन केला. तुमचा नंबर त्यांच्याकडे कसा, तर सभासद करताना वडिलांच्या नावापुढे मीच तो लिहून दिला होता. बाप हयात असताना तिथे माझं नाव लिहायचा मला संकोच वाटला. असल्या संकोचांनी माझं फार नुकसान केलं आहे.

मग तुम्ही आलात. लांब काळा कोट, दाराशी मोठी गाडी. मालिकेच्या तिसऱ्या भागात मेला म्हणून समजलेला बाप अगदी असाच येतो आणि तो राजा निघतो. मुंगीचं तोंड उघडंच राहिलं, आणि मी तिथेच ओळखलं की आपला निभाव लागत नाही. वाढदिवसाला भलत्याच वयाचं कार्ड पाठवणारा माणूस एका कोटावर राजा होतो, आणि कंबर मोडून गादी वर चढवणारी बाई गोष्टीतसुद्धा पूतनामावशीच राहते. तुम्ही तिला माझ्यासमोर विचारलंत, इथे तुला त्रास होतो का? एका शब्दाचं काम होतं. तिने खाली बघितलं आणि खांदे उडवले. त्या खांद्यांचा मला राग आला आहे, भावोजी, आणि अजून गेलेला नाही. एवढ्याशा पोरीचा राग धरू नये, बाप आल्यावर कुठलीही पोर जाईल, हे मला सगळं कळतं. पण मी तो धरून बसले आहे, कारण सध्या घरात धरायला दुसरं काही नाही.

ग्रंथपालबाईंना नंतर कुणीतरी खरा प्रकार सांगितला. त्या माझ्याकडे आल्या आणि पदराआड तोंड लपवून रडल्या. मला चहा करावा लागला, पाठीवरून हात फिरवावा लागला, होतं असं कधीकधी, असंही म्हणावं लागलं. माझा संसार उधळून वर माझ्याकडूनच समजूत काढून घेतली. तुम्हाला पुन्हा फोन करते म्हणाल्या. मी नको म्हटलं. त्यांचा एक फोन पुरेसा झाला.

तक्रार म्हणून हे लिहिलेलं नाही. मुलगी तुमची, तुमच्याकडे गेली, तुम्ही एकदाचे स्थिरस्थावर झालात, आनंदच आहे. थोरामोठ्यांपुढे जास्त बोलू नये म्हणून इथेच थांबते. चुकलंमाकलं पोटात घालावं. तुमच्या पोटात आजवर बरंच मावलं आहे.

आपली,
पुस्तकाच्या मानाने बरी असलेली मेहुणी

ता. क. मुंगीला ‘जेवलीस का’ असं विचारू नका. ती हो म्हणते. ताट बघत जा.

ता. क. मालिकेचा शेवटचा भाग वाचनालयात आला आहे. वाट बघणाऱ्यांत पहिलं नाव तिचं होतं, म्हणून मी घरी आणून ठेवला. टपालाने पाठवणार नाही. हवा असेल तर तिने स्वतः येऊन न्यावा, एवढं कळवावं, म्हणूनच मुळात हे पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. हे पाकीट दोन दिवस घरातच राहिलं, तेवढ्यात मी तो भाग वाचून काढला. मावशीचं पुढे काय होतं ते बघायचं होतं. अख्ख्या पुस्तकात तिच्यावर एकच ओळ आहे. ती मुलगी मोठी होऊन त्या घरापाशी येते, दाराला कुलूप असतं, ती पुढे निघून जाते. बस. मावशी मेली, की गाव सोडून गेली, की नुसती बाजारात गेली होती, कुणी विचारत नाही.

ता. क. पुस्तक आजच टपालात टाकलं, वेगळं येईल. (ग्रंथपालबाईंना हल्ली मला कशालाच नाही म्हणता येत नाही.) तिला देताना मी वाचलंय हे अजिबात सांगू नका. तुमच्याकडे ही मालिका कुणी वाचलेली नाही, तिला शेवट कुणालातरी सांगावासा वाटेल. तेव्हा मला फोन लावून द्या. मी काहीच माहीत नसल्यासारखी ऐकेन. त्या कुलपाशी आल्यावर ती काय म्हणते, तेवढं मला ऐकायचंय.