मधलं तेवढं दिसतं

प्रिय भांडकुदळ,

तू बोलणं टाकलंस म्हणून लिहितोय. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड. मी कॉलेज माजापायी सोडलं, असं तू सगळ्यांना सांगतेस. सोडलं ते जिन्यापायी. दोनदा भर गर्दीत गडगडलो, तर पोरं विचारतात, सकाळीच लावून आलास का रे? एकाची कॉलर धरली, पण खरं सांगितलं नाही. मला कडेचं दिसत नाही. पाइपातून बघावं तसं मधलं तेवढं दिसतं, आणि तो पाइप दर वर्षी अरुंद होतोय. औषध नाही. तुझ्या तोंडावर कीव बघायची नव्हती, म्हणून तुलाही बोललो नाही.

मधलं मात्र लख्ख दिसतं, हीच तर पंचाईत. पेपरातली बारीक जाहिरात वाचतो आणि बादलीला धडकतो. बाबा म्हणतात, नाटकं बंद कर. मावशी गाजरं पाठवते. मी उठलो की आई खुर्च्या सरकवत पुढे धावते. परवा तिच्यावर खेकसलो. ती स्वयंपाकघरात रडली, मी गच्चीवर. डॉक्टर तक्ता वाचून घेतात, शेवटच्या ओळीला शाब्बास म्हणतात. झोप लागते का, जगावंसं वाटतं का, हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर मी भडकलोच असतो म्हणा.

काल पुन्हा तपासणी झाली. यंत्रात हनुवटी टेकवायची, ठिपका चमकला की बटण दाबायचं. रिपोर्ट बरा यावा म्हणून मी नेहमी अंदाजाने दाबत सुटतो. यंत्रावरच्या ताई काल वैतागल्या. अरे राजा, ठिपका यायच्या आधीच दाबतोस, लॉटरी आहे का ही? पुन्हा बसवलं. या वेळी दिसलं तेव्हाच दाबलं. कागदावर मधलं तेवढं पांढरं, भोवतालचं सगळं काळं आलं, खालचंही.

तो बघितला आणि डोक्यात उजेड पडला. शेवटच्या दिवशी फाटकाशी तू हात पुढे केलास आणि मी तो झिडकारला, असं तुझी मैत्रीण सांगत फिरतेय. अगं, मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. हात खाली होता. तो मला दिसलाच नाही! एवढंच सांगायला हे सगळं लिहिलं. कीव येणार असेल तर येऊ नकोस. आलीस, तर हात जरा वर धर, तुझ्या हनुवटीपाशी. तिथलं मला सगळं दिसतं.

तू नाही म्हणालीस तरी तुझाच,
माजोरडा