ओनोरेचा चेहरा

मी, अनातोल वास्से, चित्रकार, राहणार फेकाँ, डोके ठिकाणावर आणि उजवा हात निकामी असताना हे मृत्युपत्र डाव्या हाताने लिहीत आहे. कोणाची जबरदस्ती नाही. घाई मात्र डॉक्टरांनी केली आहे. आधीचे सर्व कागद रद्द समजावेत.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक सेलेस्तीन पादलू हिला द्यावी. नवरा बुडाल्यापासून ती माझा स्वयंपाक करते आणि माझी किरकिर ऐकून घेते.

२. पॅरिसच्या साप्ताहिकांसाठी मी जन्मभर लाकडी ठोकळ्यांवर चित्रे काढली. छापण्यासाठी ती कोरली की मूळ चित्र संपायचे, असा तो धंदा. कोरणाऱ्या गोंत्राँने माझ्या माणसांचे हात कायम बटाट्यांसारखे कोरले. त्याला माझे भिंग द्यावे. आता तरी नीट बघ म्हणावे.

३. पुतण्या इसिदोर याला काही नाही. माझे रंग आणि कुंचले तो न विचारता वापरतोच. काही मिळायचे नाही, म्हणूनच त्याला साक्षीला बोलावले आहे.

४. हे कलम नीट वाचावे. कॉड मासे धरायला न्यूफाउंडलंडकडे जहाजे सुटण्याआधी घरची माणसे खलाशाचे चित्र काढून घेतात. मी आधी कपडे रंगवायचो, चेहरा शेवटी. घाईत काही चेहरे राहून जायचे. ती माणसे परत आली. ज्यांचे चेहरे वेळेत पुरे झाले, त्यांतले कोणी आले नाही. सेलेस्तीनचा नवरा त्यांतलाच. योगायोग असेल. पण मला भीती वाटते.

तिचा मुलगा ओनोरे आज निघतो आहे. त्याचे बिनचेहऱ्याचे चित्र वरच्या खोलीत आहे. काल इसिदोर म्हणाला, "काका, असलं भुताचं चित्र प्रदर्शनात कोण घेणार? नाक-डोळे मी काढतो की."

सेलेस्तीन चुलीपाशी होती. ती मला म्हणाली, "धनी, त्याला हात लावू देऊ नका. मला पोरगा भिंतीवर टांगायला नकोय, जेवायला बसायला हवाय."

म्हणून ते चित्र ओनोरेला द्यावे. तो समुद्र सोडून घरी बसेपर्यंत चेहऱ्याच्या जागी कोणी रंग लावू नये.

सही: अनातोल वास्से
साक्षीदार: ग्रेग्वार मोतेल, दोरखंडवाला, शेजारी
साक्षीदार: इसिदोर वास्से
फेकाँ, ४ मार्च १८७४

पुरवणी, त्याच दिवशी. इसिदोरच्या सहीशेजारी अंगठ्याचा डाग पडला आहे. ओला, कातडीच्या रंगाचा. विचारले तर हसून म्हणाला, "काका, वर येऊन बघा तरी, चेहरा काय जमलाय."

मला जिना चढवत नाही. ग्रेग्वारला टर्पेंटाइनचे फडके देऊन वर पाठवले. तो स्वच्छ फडके घेऊनच खाली आला.

"साहेब, ओनोरेच बघतोय हो माझ्याकडं," तो म्हणाला. "कसा पुसू?"

खिडकीतून दिसते, जहाज धक्का सोडून बाहेर पडले आहे. सेलेस्तीन मुलाला निरोप देऊन घराकडे येते आहे. वरच्या खोलीचे दार उघडेच आहे. कोणीतरी ते लावा.

अ. वास्से