लॉकवालं झाकण

रत्नदीप,
जयभीम. आधी ‘सप्रेम’ मुद्दाम लिहिलं नाही.

घटस्फोटात तू फ्लॅट घेतलास आणि आपली जुनी टू-सीटर स्पोर्ट्स कार माझ्या गळ्यात मारलीस. “हिला ती महिनाभरही सांभाळता येणार नाही,” असं वकिलासमोर म्हणालेलास. अरे, नऊ वर्षं झाली. मीच चालवतेय, आणि आजही सिग्नलला पोरं फोटो काढतात.

तिचं एकच दुखणं होतं. डोंबिवलीहून निघाली की शीळफाट्याला बंद पडायची आणि थोडा वेळ उभी ठेवली की आपोआप बरी व्हायची. तू म्हणायचास, नखरे करते. मलाही तेच म्हणायचास. वागळे इस्टेटमधल्या गॅरेजवाल्याने पंप बदलला, कॉइल बदलली, फरक शून्य.

परवा तिथेच पुन्हा बंद पडली. मागे ट्रकवाले हॉर्न मारत होते. थांबल्यावर बरी होते, म्हणजे आत काहीतरी कोंडत असणार, असं वाटून मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. सुस्सकन हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू!

तुझं ते लॉकवालं झाकण, रे! कोणी पेट्रोल चोरू नये म्हणून हौसेने बसवलेलंस. त्याला हवेसाठी भोकच नाही. पेट्रोल कमी होईल तशी टाकी गुदमरायची.

मी तिचं मूळचं झाकण परत लावलं. काल बाळकुमपर्यंत एका दमात गेली.

हे पत्र टाकणार नाही, उगाच लॉक परत मागशील. पण नखरे आम्हा दोघींपैकी एकीचेही नव्हते.

गाडीची मालकीण,
दर्शना