ठिपक्याची पिलं

तोयोहाशी, १२ एप्रिल १९६२

ती. फुमिएताईस,
सा. न. वि. वि.

नववर्षानंतर थेट आज लिहितोय, रागावू नकोस. कारण सांगायची लाज वाटते: मला चिगुसाचा, माझ्याच बायकोचा, संशय येतोय.

आपल्याकडे अंड्यांतून निघालेली पिलं तीच निवडते. डोक्यावर पांढरा ठिपका असला की नर, तो वाम माशांच्या तळ्यावर चारा म्हणून जातो. ठिपका नसला की मादी, ती विकायची. यंदा प्रत्येक पिलाला ठिपका. एकही मादी नाही. त्या सकाळी शेडमध्ये ती एकटीच होती, आणि तिच्या भावाने नुकत्याच कोंबड्या पाळायला घेतल्यात. आई म्हणाली, माद्या माहेरी उडाल्या. मी हसलो नाही, चिगुसाला विचारलं. ती इतकंच म्हणाली, "इतक्या वर्षांनी माझी झडती, तीही कोंबडीच्या पिलांसाठी?" आणि माहेरी निघून गेली.

मी चुकतोय का? पण मग माद्या गेल्या कुठे?

तुझा,
कियोताका

नागोया, १६ एप्रिल

चि. कियोताकास,
अनेक आशीर्वाद.

क्षणभर मलाही चिगुसाचाच संशय आला, आणि स्वतःचा राग आला. मग तुझा आला. यंदा कोंबडा कुठला सोडलास, ते तू लिहिलंच नाहीस.

माणसांत मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. सुनांना बोलणाऱ्या आईला हे जरूर सांग. पक्ष्यांत ते आईकडून ठरतं. कोंबड्याची लिंग ठरवणारी दोन गुणसूत्रं सारखी, कोंबडीची एक मोठं, एक छोटं. तिने मोठं दिलं की नर, छोटं दिलं की मादी. पट्टेरी जातीचा ठिपका मोठ्यावर असतो, आणि मादीला मोठं मिळतं ते फक्त बापाकडून. तांबडा कोंबडा, पट्टेरी कोंबडी अशी जोडी असेल, तोवर चिगुसाची निवड बरोबर. कोंबडाच पट्टेरी असेल, तर ठिपका सगळ्यांना, माद्यांनासुद्धा.

वर्गात मी हेच शिकवते, तुला मात्र कधी सांगितलं नाही. पिलं तळ्यावर पाठवू नकोस. खरं काय ते कळव.

तुझी,
ताई

तोयोहाशी, १९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

प्रदर्शनात एक पट्टेरी कोंबडा फार ऐटबाज दिसला. तो आणून आपल्या तांबड्या माद्यांत सोडला. जाती त्याच दोन, बाप कुठला नि आई कुठली याने काय फरक पडतो, असं वाटलं. पिलं निवडली त्याच दिवशी तळ्यावर गेली. निम्म्या तरी माद्या असतील.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती उठून चिगुसाचं कपाट उघडून आली आणि म्हणाली, उन्हाळ्याचे किमोनोही नेलेत.

लोभ आहेच, मी त्याला पात्र आहे का, ते ठरायचंय.

तुझा,
कियोताका

ता. क. उद्या: चिगुसाच्या माहेरी जाऊन तिच्या भावासमोर तिची माफी मागणे.