अर्धी राहिलेली दाढी

धाकट्या,

बाबा दुकानात गिऱ्हाईकाची दाढी करता करताच कोसळले. मेंदूत रक्तस्राव झालाय, ऑपरेशन लगेच करायचंय. घाईत चिठ्ठी लिहितेय, अक्षर सांभाळून घे. पैशांसाठी तुझी मोटारसायकल न विचारता गॅरेजवाल्या काकांना विकून टाकली. भांडायचं ते नंतर भांड.

कमी पडले ते त्या गिऱ्हाईकानेच भरले. मला त्यांचं नावही विचारायचं सुचलं नाही. ते अजून दवाखान्यात बाकावर बसलेत, एका गालावर साबण तसाच वाळलाय. म्हणतात, "उरलेली तुमच्या बाबांकडूनच करून घेईन." डॉक्टर मात्र तसं काही बोलत नाहीत.

दुकानात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणाला होतास, माहितेय. तरी येताना तिथून बाबांचा वस्तरा घेऊन ये.

ताई