हळू पडणारा ठोका

सोलापूर, मंगळवार, मार्च १९७८

आज वॉर्डात मी डॉक्टर असून ज्ञानोबांवर ओरडले. अजून खुपतंय.

त्यांची बायको शेवंताबाई हृदयाच्या गोळीवर किती छान होती! आज मंद्रूप गावाहून आणली, तेव्हा छातीत कळा, नाडी भरधाव. गोळी ज्ञानोबांनीच बंद केली होती.

"झोपेत हिच्या छातीला कान लावला, बाई. ठोका लई हळू पडत हुता. थांबतंय की काय, भ्या वाटलं."

हळू पडावा म्हणूनच तर गोळी! हृदयाच्या पेशींवरचे रिसेप्टर, जणू पेशींचे कानच, ती झाकून ठेवते, म्हणजे हृदयाला पळवणाऱ्या ॲड्रेनलिनची हाक तिथं पोचत नाही. पण हृदय हळूहळू नवे रिसेप्टर तयार करतं. गोळी एकदम सुटली, की सगळ्यांना हाक एकाच वेळी ऐकू जाते आणि हृदय उधळतं. हे त्या माणसाला कुणी सांगितलं होतं? आणि कान लावून ऐकणाऱ्यावर मी ओरडले!

गोळी पुन्हा सुरू केली. संध्याकाळपर्यंत कळ थांबली, नाडी उतरली. मग ज्ञानोबांजवळ बसून सगळं नीट समजावलं. त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजी हळू पडला तरी चालतंय?"

"चालतं. तसाच पडायला हवा."

ते बायकोकडं वळले. "मग पडू दे की हळू. आपल्याला कुटं घाई हाय?"